माझं वय नऊ वर्षं

माझी बायको गेली त्याला चार महिने झाले होते, तेव्हाची गोष्ट. मी चौथीपर्यंत शिकलो. बोलतो तसंच लिहितो. कोणाला टोचलं तर टोचू द्या.

तिचे आवाज माझ्या फोनात होते. एकेचाळीस. मला बोट ठेवून वाचावं लागतं, म्हणून ती लिहून पाठवत नसे, बोलून पाठवायची. मी कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला असलो की घरून, मी घरी असलो की कापसाच्या वेचणीवरून, आणि शेवटी शेवटी यवतमाळच्या दवाखान्यातून. मोठं बोलणं काही नाही. 'शेळीले पाणी दाखवलं काय.' 'डाळीवर झाकण ठेवजा, मांजर येते.' पण सगळ्या आवाजांची सुरुवात एकच, मी कुठं आहे ते विचारायची. 'कुठी हा?' दवाखान्यात नाकात नळी होती तरी पहिलं तेच. कुठी हा?

सकाळी चहा ठेवला की मी एक आवाज ऐकायचो. एकच. दोन ऐकले तर लवकर संपतील असं वाटायचं. संपत नसतात, मला कळतं. तरी एकच.

एका सकाळी आवाज लावायला गेलो तर फोनवर अक्षरं आली. बोट ठेवून वाचलं. या खात्यासाठी पालकाची यंदाची संमती मिळालेली नाही. चौदा दिवसांत मिळाली नाही तर खातं आणि त्यातलं सगळं कायमचं पुसण्यात येईल. मी 'कायमचं' दोनदा वाचलं. पालक कोण ते काही कळलं नाही. माझे मायबाप मरून जमाना झाला. चहा उतू गेला. मी तसाच सदरा घालून राळेगावची गाडी पकडली.

राळेगावात एक ताई सेवा केंद्र चालवते. मोकळ्या बोलण्याची बाई आहे, कामाला पक्की. बोंडअळीनं कापूस खाल्ल्याचे अर्ज तिथंच भरत होते, म्हणून रांग दारापर्यंत. सगळ्यांच्या हातात सातबारा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला. बोंडअळीची ती कितवी साल होती कोण जाणे, पहिल्या सालाला लोक रडले, नंतर नंतर नुसते रांगेत उभे राहायला लागले. दोन तासांनी माझा नंबर आला. ताईनं फोन घेतला, वर खाली केला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं.

"काका, हा फोन कोणाचा आहे?"

"माह्या हाय. कोणाचा असन?"

"नातवाचा वगैरे नाही ना?"

"मले नातू नाही. नात हाय, थे मारेगावले राह्यते. काहून?"

"हे खातं लहान मुलाचं आहे. यात तुमचं वय नऊ वर्षं आहे."

मागे हसू फुटलं. एक म्हातारा, माझ्याच वयाचा, दात नसलेला, रांगेतून म्हणाला, "कितवीत हा, बुढेबा?" दुसरा म्हणे, "ताई, पोट्ट्याले खाऊ द्या अन घरी पाठवा."

मी म्हटलं, "हसा लेकहो. तुमची बायको मरन तवा मी पण हसन."

मला तसं बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

ताईनं मला स्टुलावर बसवलं. म्हणाली, घाबरू नका, आधार कार्ड दाखवून वय दुरुस्त होतं. तिनं कार्डाचा फोटो काढून पाठवला. लगेच उत्तर आलं. ते तिनं मला वाचून दाखवलं. लहान मुलाला स्वतःचं ओळखपत्र स्वतः देता येत नाही, आधी पालकाची परवानगी लागेल. परवानगी मागायची का, असं खाली विचारत होतं. ती म्हणाली, मागू का? मी म्हटलं, माग बापा, कोण देते ते तरी पाहू. तिनं दाबलं. पालकाला निरोप गेला, असं आलं.

"पण पालक कोण हाय माह्या?"

ताईनं नंबर वाचला. शेवटचे चार आकडे तिच्या आधी मीच म्हणून दाखवले. तो नंबर मला झोपेत विचारला तरी सांगता येतो. तो माझ्या बायकोचा होता.

ताईनं पाणी दिलं ते सदऱ्यावर सांडलं. चार महिन्यांपूर्वी जिला आम्ही पोचवून आलो, तिच्या परवानगीसाठी मी सरकारी केंद्रात स्टुलावर बसलो होतो, अन कंपनी म्हणत होती, थांबा, त्यांच्या उत्तराची वाट पाहा.

घरी आल्यावर पोरीला फोन लावला. एकच पोर आहे आम्हाला, मारेगावात दिली. आईचा फोन ती आठवण म्हणून घेऊन गेली होती. मी सांगत होतो तोवर ती मध्येच म्हणाली, "बाबा, थांबा." लोखंडी पेटी उघडल्याचा आवाज आला. फोन बंद पडलेला होता, तो तिनं चार्जिंगला लावला असावा. मग ती एकदम रडायला लागली.

"बाबा, आईच्या फोनवर तुमचे अर्ज आले. अकरा अर्ज हायेत, बाबा. तुमच्या मुलाले तुमची परवानगी पायजे, असं लिवून हाय. सगळ्यायवर लाकडाच्या बैलाचं चित्र हाय."

लाकडाचा बैल म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात लख्ख झालं. आता ते सांगितलं पाहिजे.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे तान्हा पोळा. लहान पोरं लाकडाचे बैल ओढत घरोघर जातात आणि लोक त्यांना बोजारा देतात, म्हणजे खाऊ, एखादं नाणं. त्याच दिवसाला मोठी माणसं कर म्हणतात, अन पितात. मी करीची वाट पाहत नव्हतो, रोजच प्यायचो, पण करीला जास्त. नऊ वर्षांआधीच्या एका करीला मी नाल्यात पडलो. तोंड वर होतं म्हणून वाचलो. माझ्या बायकोनं अन आणखी चार बायांनी मला बाजेवर टाकून घरी आणलं, आणि गावातली सगळी पोरं लाकडाचे बैल ओढत बाजेच्या मागून आली. त्यांना वाटलं हाही पोळ्यातलाच कार्यक्रम. मला सगळं ऐकू येत होतं. डोळे उघडायची हिंमत झाली नाही.

तिनं मला अंगणातल्या दगडावर बसवून न्हाऊ घातलं. तोंडातला चिखल बोटानं काढला. त्या दिवसापासून मी दारूला शिवलो नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो.

तिनं कॅलेंडरचं ते पान फाडून पेटीत ठेवलं. दर तान्ह्या पोळ्याला मला तेल लावून ऊन पाण्यानं न्हाऊ घालायची, कानामागे काजळाचा टिक्का लावायची, अन हातावर गुळाचा खडा आणि एक रुपया ठेवायची. बोजारा. मी चिडायचो. गल्लीतल्या बाया मुद्दाम यायच्या.

"कितवं लागलं वो तुमच्या लेकराले?"

"सहावं. यंदा शाळेत टाकतो."

"खोड्या करते काय?"

"खोड्या करत नाही. पण हाक मारली का ओ देत नाही."

बाया हसायच्या. मी काजळ पुसत बाहेर निघून जायचो. चेष्टा आहे असंच मी धरून चाललो होतो.

दोन दिवसांनी पोरगी आईचा फोन घेऊन आली. राळेगावच्या स्टँडवर मी तिला उतरवून घेतलं अन केंद्राकडे चालत निघालो. चालता चालता मी म्हटलं, "तुह्या मायची चूक झाली. तारीख भलतीच टाकली तिनं."

पोरगी थांबली. "चूक नाही, बाबा. मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तीन वर्साआधी बचत गटात फोन शिकवाले मॅडम आलत्या ना, त्याच दिवशी आईनं तुमचा नवा फोन चालू केला, स्वतःच्या हातानं. फोनानं जन्मतारीख इचारली. तुमची तर कोणालेच माहीत नाही. आईनं पेटीतलं पान काढलं अन तेच टाकलं. मले फोन करून सांगे, फोनानं खरी तारीख इचारली, मी खरी सांगतली."

"अन मंग?"

"मंग फोन म्हने, हे लेकरू लहान हाय, मोठं मानूस पायजे. आई म्हने, मी हावोच ना."

"तू मले काहून नाही सांगतलं?"

"आई म्हने सांगू नको. चिडतीन."

मी रस्त्यात उभा राहिलो. चिडलो होतोच. किती तरी गोष्टींचा आता अर्थ लागत होता. फोनात काही नवीन टाकायचं म्हटलं की तो अडायचा अन मी म्हणायचो, रेंज नाही. ती चुलीपुढून म्हणायची, थांबा जरा, येईल रेंज. अन पदराखाली तिचा फोन. थोड्या वेळानं यायचीच रेंज. रात्री आठ वाजले की माझा फोन अंधारायचा. बॅटरी खराब आहे म्हणून मी दुकानदाराशी भांडून आलो होतो. दोन वेळा. ती दोन्ही वेळा माझ्यासोबत होती, आणि दुकानदाराला म्हणाली होती, जाऊ द्या, तसाच राहू द्या, थोडा आराम पण पाहिजे डोळ्यांना.

केंद्रात त्या दिवशी गर्दी कमी होती. ताईनं बायकोचा फोन उघडला. लाकडी बैलाच्या चित्रावर बोट ठेवलं. आत माझं सगळं. काय उघडतो, किती वेळ पाहतो. मग एक नकाशा आला अन त्यात एक निळा ठिपका.

"हे काय होय?" मी विचारलं.

"ही तुमची जागा, काका. तुमचा फोन जिथं असेल तिथं हा ठिपका असतो. आत्ता पाहा, आपल्या केंद्रावर आहे."

"म्हंजे हे तिले दिसे? मी कुठी हाव थे?"

"हो. कधीही."

पोरगी माझ्याकडे पाहत होती. मी ठिपक्याकडे पाहत होतो.

मी सगळ्यांना सांगत आलो की त्या दिवसापासून दारूला शिवलो नाही. ते खरं आहे. पण एक दिवस मी सांगितला नाही. कोणालाच नाही. आज लिहितो.

मी राळेगावच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीवर, म्हणजे ढिगावर, काम करायचो. एरवी होळीपर्यंत गंज हलत नसे. बोंडअळीच्या त्या साली पूस म्हणजे पौष महिन्यातच अंगण झाडून झालं. गाड्या येईनात. आल्या तर कवडी कापूस, पिवळा, किडका. मुकादमानं दुपारी बोलावलं अन सांगितलं, उद्यापासून येऊ नका. तीस वर्षं उभा होतो मी त्या गंजीवर. बाहेर पडलो तो सरळ स्टँडसमोरच्या दारूच्या दुकानात. आत गेलो नाही. पायरीवर एक पाय ठेवला होता. एवढंच. पण दुसरा उचलणार होतो, हे मला माहीत आहे.

तेव्हा फोन वाजला. तिचा आवाज. 'कुठी हा?'

मी तोंडाजवळ फोन धरून बोललो, जिनिंगवर हाव.

लगेच दुसरा आवाज आला. 'घरचं मीठ संपलं. भाजी चुलीवर मांडली, मिठासाठी अडून बसली मी. आत्ताच्या आत्ता आना.'

मी शिव्या दिल्या. मिठाला, भाजीला, तिला पण. पण पाय पायरीवरून काढला, कारण चुलीवर भाजी मांडून बसलेली बाई मला दिसत होती. किराण्यातून मिठाचा पुडा घेतला अन गाडीनं घरी आलो. चुलीवर भाजी नव्हती. चूल पेटलेली पण नव्हती. मिठाची बरणी फळीवर, गळ्यापर्यंत भरलेली.

"हे काय वो?" मी म्हटलं. "बरनी तं भरून हाय."

"असू द्या. लोनच्याले लागन."

"लोनच्याले? पुसात कोन्तं लोनचं टाकतं तू?"

"टाकतो म्या कायचं बी. तुमाले काय करा लागते? हात पाय धुवा."

मी हात पाय धुतले. म्हातारपणी बाईचं डोकं फिरलं असं मला वाटलं. जिनिंग सुटल्याचं मी तिला जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. शेळ्याइकडे पाहाले मानूस पायजेच होतं." तिला ते ऐकून धक्का बसला नाही याचंच मला तेव्हा वाईट वाटलं होतं.

केंद्रात बसून हे सगळं एका दमात माझ्या अंगावर आलं. ती घरी बसून त्या ठिपक्याकडे पाहत होती. ठिपका जिनिंगवरून निघाला, स्टँडकडे गेला, दुकानासमोर थांबला. तिनं विचारलं, कुठी हा. मी खोटं बोललो. ती भांडली नाही, रडली नाही, खोटं पकडलं नाही. मीठ मागितलं.

खरं सांगतो, आधी रागच आला. नवऱ्यावर पाळत? तीन वर्षं? ताईच्या टेबलावर मी मूठ आपटली. पोरगी म्हणाली, "बाबा!" मी मूठ तशीच ठेवून बसलो. भांडायला समोर कोणी नव्हतं.

ताई हळूच म्हणाली, "काका, दुरुस्त करायचं ना? या फोनवरून तारीख बदलता येते. पण एक सांगते, तुम्ही मोठे झाले की हा ठिपका जाईल. या फोनवर तुमचं काहीच दिसणार नाही. आणि परत लहान होता येत नाही."

"अन नाही केलं तं?"

"बारा दिवसांनी खातं जाईल. आवाज पण. लहानाच्या खात्यातून ते दुसरीकडे उतरवता पण येत नाहीत."

मी म्हटलं, कर. "खरी जन्मतारीख सांगा," ताई म्हणाली अन आधार कार्ड उचललं. त्यावर एक जानेवारी आहे. कार्ड काढताना तिथल्या माणसानं माझ्या तोंडाकडे पाहून साल ठरवलं अन तारीख विचारलीच नाही, एक जानेवारी टाकून दिली. आमच्या गावातले अर्धे म्हातारे एक जानेवारीला जन्मले.

मी म्हटलं, "ताई, ही तारीख कोन्या मानसानं अंदाजे टाकली. थे दुसरी माह्या बायकोनं पानावरून पाहून टाकली. खोटी कोन्ती?"

ताई म्हणाली, "काका, कंपनीला कार्ड लागतं."

पोरीनं आईचा फोन माझ्या हातात दिला. "तुमीच दाबा. मह्याच्यानं होत नाही."

शेवटचं बटण मीच दाबलं. माझं बोट अन तिचा फोन. म्हणजे परवानगी तिनंच दिली असं धरून चाला. बैलाचं चित्र एकदा थरथरलं अन गेलं. नकाशा पांढरा झाला. पोरीनं तोंडावर ओढणी धरली. मी त्या पांढऱ्या जागेकडे पाहतच राहिलो. नऊ वर्षांचा होतो तो एका बोटात अडुसष्ट वर्षांचा झालो. बायको गेली तेव्हा लोकांनी धरून ठेवलं होतं मला. इथं कोणी धरलं नव्हतं.

माझ्या फोनवर आवाज तसेच होते. ताईनं सगळे पोरीच्या फोनातही उतरवून दिले अन मोजून दाखवले, एकेचाळीस. मीठवाला पण होता. तो लावू का म्हणून तिनं विचारलं. मी नको म्हटलं.

स्टँडवर पोरगी म्हणाली, "बाबा, मी जोडू काय तुमाले मह्या फोनले? म्हंजे मले दिसन तुमी कुठी हा."

"नाही," मी म्हटलं. "तू इचारत जा. मी सांगत जाईन."

तिची गाडी गेली. समोर दारूचं दुकान होतं, तीच पायरी. मी माझ्या गाडीत खिडकीपाशी बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवला अन आवाज लावला. दवाखान्यातला होता, नळीमुळे घोगरा. 'कुठी हा?' म्हणाली अन थांबली. तिच्या प्रत्येक आवाजात तिथं थोडी जागा असते. इतके दिवस मला वाटायचं ती श्वास घेते. तिला दिसत होतं मी कुठं आहे. तरी ती जागा सोडायची, मी सांगावं म्हणून.

पुढचं बोलणं सुरू व्हायच्या आत मी चुलीपाशी बसून मोठ्यानं म्हटलं, "घरी हाव."

मग ती म्हणाली, डाळीवर झाकण ठेवजा. मी ठेवलं.